धंद्याधंद्यांतील देवघेव आणि सूर्यमाळचे पठार

लोणी कढविल्यावर तळाशी राहिलेली बेरी पोरांच्या हातावर पडावी, तांदळाचे धुवण गोठ्यात जावे, चुलीतील राखेने भांडी निघावीत आणि विरलेल्या लुगड्यांची चौघडी व्हावी, ही जुन्या घरांतील रीत आमच्या वाचकभगिनींस नव्याने सांगावयास नको. मोठ्या कुटुंबात उरलेल्या वस्तूला गिऱ्हाईक घरातल्या घरातच मिळत असे. हाच व्यवहार कारखान्याकारखान्यांत चालविता येईल काय, हा प्रश्न गेल्या अर्धशतकात अर्थशास्त्राच्या व यंत्रशास्त्राच्या पंडितांनी पुष्कळ घोळला आहे. एका कारखान्याची वाफ, राख, चोथा अथवा सांडपाणी दुसऱ्याने कच्चा माल म्हणून उचलावे, जमेल तेथे दोघांनी मिळून एकच जलवाहिनी वापरावी, आणि तितक्या प्रमाणात भूमीतून नवे खणून काढणे कमी व्हावे, असा त्याचा मथितार्थ. पुढील पिढीच्या शिदोरीला हात न लावता आजचे पोट भरणे याला हल्ली शाश्वत विकास म्हणतात. त्या विकासाचा ही देवघेव मोठा आधार समजली जाते, आणि तो समज बव्हंशी खरा आहे.

या महिन्यात हा विषय आम्हांस सूर्यमाळच्या निमित्ताने मांडावयाचा आहे. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या जवळ, सह्याद्रीच्या पश्चिम अंगावर हे पठार आहे. जिल्ह्यातील अति उंच स्थळांत त्याची गणना होते, आणि पावसाळ्यात मुंबई-नाशिककडील हौशी मंडळी तेथे धुके पाहावयास जातात. नागली, वरई आणि थोडे भात पिकविणाऱ्या वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी व कातकरी लोकांचा हा मुलूख. कारखान्यांच्या देवघेवीचा आणि या पठाराचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध फार निकटचा आहे. तो उलगडण्यासाठी थोडे फिरून यावे लागेल, तेवढी सवड वाचकांनी आम्हांस द्यावी.

या देवघेवीचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग या लहानशा बंदराचे. तेथे प्रारंभ पाण्यापासून झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भूगर्भातील पाणी तोकडे पडू लागेल या धास्तीने १९६१ साली तेलशुद्धीच्या कारखान्यासाठी तिसो नावाच्या सरोवरातून पाणी आणण्यात आले. १९७२ साली त्याच कारखान्यात व्यर्थ जळून जाणारा वायू शेजारच्या जिप्समचे तक्ते करणाऱ्या कारखान्याने घेतला. पुढे विजेच्या केंद्रातील वाफ औषधांच्या कारखान्यात गेली, औषधांच्या कारखान्यातील गाळ शेतकऱ्यांनी खत म्हणून नेला, आणि विजेच्या केंद्राने धुरातील गंधकाचा वायू चुन्यात धरून जे जिप्सम तयार केले तेही तक्त्यांच्या कारखान्यात खपू लागले. कोणी सरकारी आराखडा काढून हे घडविले नाही. गाव लहान, कारखान्यांचे चालक एकमेकांस ओळखणारे, आणि प्रत्येक करारात दोन्ही पक्षांस चार पैसे सुटणारे, एवढ्या भांडवलावर हे उभे राहिले. अलीकडे त्या केंद्राने कोळसा सोडून लाकडाच्या ढलप्या जाळावयास घेतल्या, तेव्हा कोळशावर आधारलेली देवघेव साहजिकच आटोपली. परंतु पाण्याची व वाफेची चालूच आहे.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना गाळपास लागला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या उद्योगाकडे लोक साखरेचा कारखाना म्हणून पाहत, परंतु उसाच्या शंभर मणांतून साखर निघते ती दहा-अकरा मण. तीस मणांच्या आसपास चिपाड निघते, ते बॉयलरखाली जळून कारखान्याची वाफ व वीज भागविते. चार मण मळी निघते, तिचे मद्यार्क होते. तीन-चार मण प्रेसमड निघतो, तो पुन्हा उसाच्याच शेतात जातो. बाकीचे पाणी. महाराष्ट्रातील पुष्कळ साखर कारखान्यांचा ताळेबंद आज साखरेपेक्षा या उरल्यासुरल्यावर सावरतो, हे शेतकरी सभासदांस आमच्याहून अधिक चांगले ठाऊक आहे.

या दोन्ही ठिकाणी देणारा आणि घेणारा असे दोघेही वहीवर आहेत. वाफेचा दर ठरतो, मळीचा भाव ठरतो, ज्याच्या अंगणातून माल गेला त्याच्या खात्यावर काहीतरी जमा होते. पुढील हकीकत वाचताना ही खतावणी वाचकांनी मनात असू द्यावी.

आता पालघर जिल्ह्यात यावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो ठाणे जिल्ह्यातून निराळा झाला. त्याच्या समुद्राकडील बाजूस डहाणू येथे १९९५ पासून ५०० मेगावॅटचे औष्णिक विद्युत्केंद्र आहे. आपल्याकडील दगडी कोळशात शंभर भागांस तीस-चाळीस भाग राख असते. धुराड्याशी धरलेली ही पिठासारखी राख ठेवावी कोठे, हा अशा प्रत्येक केंद्रापुढील यक्षप्रश्न होय. डहाणू तालुका तर चिकूच्या बागांचा, १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केलेला. तेथे राखेचे डोंगर रचून चालण्यासारखे नव्हते. अशा राखेला वाट मिळावी म्हणून केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना काढली. औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीट करणाऱ्यांनी मातीत वजनाने निदान चौथाई राख मिसळावी, असा तिचा आशय होता. २००३ साली ५० चे १०० किलोमीटर झाले आणि २०१६ साली ३००. वाडा, वसई, भिवंडी हा वीटभट्ट्यांचा सारा पट्टा या अंतरात येतो.

याच पट्ट्यात भाताच्या गिरण्या आहेत. वाड्याच्या कोलमची गोडी मुंबई-ठाण्याच्या घरांस ठाऊक आहे. २०२१ साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. भात भरडला म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा तूस निघतो. त्यात वाळूच्या जातीचा अंश फार, म्हणून तो गुरांच्या उपयोगाचा नाही. मात्र जळतो चांगला. वीटभट्टीवाले तो मातीत कालवितात, त्यायोगे वीट आतून नीट भाजते. भट्टी रचताना कोळशाच्या जोडीलाही तो वापरतात. म्हणजे या भागातील एखादी वीट हाती घेतली तर तीत शेतातील माती आहे, गिरणीचा तूस आहे, आणि कायदा पाळला गेला असेल तर विजेच्या केंद्रातील राखही आहे. जितकी राख विटेत गेली तितकी सुपीक माती शेतात राहिली, जितका तूस जळला तितका कोळसा खाणीत राहिला. कालुंडबोर्गच्या मंडळींनी पाहून मान डोलवावी असाच हा व्यवहार आहे.

परंतु त्या विटेत आणखीही काही जाते. माती मळून वीट थापणारे हात ठिकठिकाणांहून येतात, आणि त्यांत जव्हार-मोखाड्याचे पुष्कळ असतात. दिवाळी झाली, नागली-वरई घरात आली, की पठारावरील आणि आसपासच्या पाड्यांवरील कुटुंबे पोराबाळांसह खाली उतरतात आणि वैशाखापर्यंत भट्टीवर राहतात. आजारपणासाठी, लग्नासाठी अथवा सणासाठी बयाणा आगाऊ घेतलेला असतो, तो अंगमेहनतीने फेडावयाचा असतो. हंगाम संपल्यावर हिशेब होतो, तेव्हा कित्येकांच्या अंगावर उलट बाकीच निघते, आणि ती बाकी पुढल्या वर्षीचा बयाणा होऊन बसते. वेठबिगार नाहीशी करणारा कायदा १९७६ सालचा आहे. तो या भट्ट्यांवर आणण्यासाठी विधायक संसद व श्रमजीवी संघटना यांस वर्षानुवर्षे झगडावे लागले. कच्च्या विटांच्या ज्या बुटक्या खोपटात ही कुटुंबे राहतात त्यास भोंगा म्हणतात. मुले भट्टीवर येतात म्हणून शाळाच तेथे नेण्याचा प्रयोग विधायक संसदेने केला, त्यास भोंगाशाळा असे नाव पडले. याच जिल्ह्यात पूर्वी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला कुरणशाळा काढली होती, तिची येथे सहज आठवण होते.

येथे खतावणी उघडून पाहावी. राखेचे खाते आहे, तुसाचे आहे, कोळशाचे आहे. मातीचेही आहे, कारण शेताचा मालक ती विकतो. थापणाऱ्याच्या खात्यावर मात्र उधारीच मांडलेली. आणि यातून एक अवघड पेच निर्माण होतो, त्याकडे राखेच्या विटांचे गुणगान करणारे फारसे पाहत नाहीत. राख, सिमेंट अथवा चुना आणि वाळू यंत्रात दाबून आता न भाजता विटा व ठोकळे होतात. माती लागत नाही, भट्टी लागत नाही, धूर नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने ही गोष्ट सर्वस्वी इष्ट आहे, आणि ती वाढावी असेच आम्ही म्हणू. परंतु जसजशी ती वाढेल तसतशा भट्ट्या कमी होतील, आणि सूर्यमाळच्या माणसाची सहा महिन्यांची मजुरी, ती कितीही वाईट असली तरी, जाईल. दोन धंद्यांनी आपसांत केलेली उत्तम सोय तिसऱ्याच्या चुलीत पाणी ओतू शकते, ती अशी. त्याला पर्याय भट्टीवर शोधून उपयोगाचा नाही. तो पठारावरच शोधला पाहिजे. तेव्हा ही माणसे मुळात उतरतात का, हे आधी पाहू.

पाऊस या भागात वर्षाला शंभर इंचांवर पडतो, परंतु तो चार महिन्यांत. खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर, आणि जमीन उतरती. पाणी पडते तसेच ओहोळांनी दरीत निघून जाते. दिवाळीनंतर शेतात करण्यासारखे काही उरत नाही आणि होळीनंतर विहिरीत पिण्यापुरतेही राहत नाही. अशा भूमीवर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जी घडी बसविली होती तीत उरलेल्याचा उपयोग हाच मूळ पाया होता. ऐनासारख्या झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि गोठ्यातील शेण यांचे थर देऊन, वर माती पसरून, उन्हाळ्यात राब भाजावयाचा. त्या जागी नागलीचे, वरईचे, भाताचे रोप वाढवावयाचे आणि मग ते लावावयाचे. भाजल्याने तणाचे बी मरते व राखेचे खत मिळते. वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी, आणि नंतर जमिनीस विसावा. खुरासणीचे तेल माणसांस आणि पेंड गुरांस. गुरांचे शेण पुन्हा राबास. रान, गोठा, शेत आणि घाणा हे चार धंदे एकमेकांच्या उरलेल्यावर असे जगत.

या सर्वांत मोहाचे झाड मोठे. फाल्गुन-चैत्रात त्याची फुले पहाटे गळतात. ती वाळवून ठेवली की धान्य सरल्यावर पोटास आधार होतो, आणि त्यांची दारूही होते. पुढे फळे येतात, बियांचे तेल निघते, ते स्वयंपाकास व दिव्यास चालते आणि साबणाच्या कारखान्यांसही हवे असते. पेंड कडू व विषारी, ती गुरांस चालत नाही. परंतु मत्स्यसंवर्धन करणारे लोक तळ्यात बीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे मारण्यास तीच वापरतात, कारण काही दिवसांनी तिचे विष ओसरते आणि मागे खत राहते. गोऱ्या साहेबांच्या खेळाच्या हिरवळीवरील गांडुळे बाहेर काढण्यासही तिची पूड वापरीत. एका झाडाच्या अंगावर इतके धंदे!

ही घडी मोडली कशी, याचा इतिहास लांबलचक आहे. त्यातील दोन गोष्टी सांगतो. राखीव जंगले झाली तशी ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्याच्या हक्कावरून इतका असंतोष माजला की १८८५ साली मुंबई सरकारास जंगलविषयक कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राबाने झाडे खुंटतात हे खोटे नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे; माणसे वाढली व रान आक्रसले की जुनी रीत जशीच्या तशी चालत नाही. दुसरी गोष्ट मोहाची. दारूवरील कराचे उत्पन्न बुडू नये म्हणून १८९२ साली मुंबई सरकारने मोहाचा कायदा केला आणि ठाणे-कुलाबा या जिल्ह्यांत फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घातले. जे फूल अडीनडीचे अन्न होते ते एकाएकी चोरीचा माल ठरले. शंभर वर्षांनी, १९९२-९३ साली, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंच्या वार्तेने महाराष्ट्र हादरला. त्या दोन घटनांचा थेट संबंध जोडण्याचा आमचा आग्रह नाही. मध्ये पुष्कळ कारणे घडली. परंतु ज्या मुलखातील घरगुती शिल्लक एक एक करून काढून घेतली जाते, तेथे एका वाईट पावसाळ्यालाही पुरेल इतके काही मागे राहत नाही.

त्याच १८९२ साली तानसा तलावाचे पाणी मुंबईस मिळू लागले. येथून या पठाराचा आणि आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरातील नळाचा संबंध सुरू होतो. तानसानंतर वैतरणा. १९५७ साली वैतरणेवर जे धरण झाले त्याच्या जलाशयास मुंबईचे नामांकित अभियंते मोडक यांचे नाव मिळाले. १९७३ साली इगतपुरीकडे ऊर्ध्व वैतरणा झाली, आणि २०१४ साली मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा शहराच्या सेवेस रुजू झाली. देवघेवीचा विद्यार्थी म्हणून पाहिले तर या योजना वाखाणण्याजोग्या आहेत. ऊर्ध्व वैतरणेचे पाणी ६० मेगावॅटच्या विद्युत्‌गृहातून उतरते आणि मग मोडकसागरात येऊन शहराकडे जाते. एकच पाणी आधी वीज देते, मग तहान भागविते. मध्य वैतरणेची १०२ मीटर उंचीची भिंत रूळ फिरवून दाबलेल्या काँक्रीटची आहे, आणि अशा काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जोडीला औष्णिक केंद्रांची राख मोठ्या प्रमाणावर घालतात. विटेत जाणारी वस्तू धरणातही गेली ती अशी.

मध्य वैतरणेतून मुंबईस दररोज ४५.५ कोटी लिटर पाणी मिळते. माणशी १३५ लिटर हे शहरी मान धरले तर तेहतीस लाखांहून अधिक माणसांची ती सोय झाली. आणि त्याच मोखाडा तालुक्यात दरसाल उन्हाळ्यात पाड्यापाड्यांस टँकरने पाणी न्यावे लागते. हे पाहून शहरास शिव्या देणे सोपे आहे, परंतु अडचण काय हे समजून घेतले पाहिजे. पाऊस पठारावर पडतो आणि जलाशय दरीच्या तळाशी असतो. शहराकडे पाणी उताराने जाते, त्यास खर्च कमी; पाड्याकडे ते शेकडो फूट उपसावे लागते, त्यास पंप, नळ आणि वीज लागते, व तेवढी ऐपत ग्रामपंचायतीची नसते. निसर्गाने पाणी खाली नेले हे खरे. परंतु त्यास भिंत घालून अडविले माणसाने, त्याचा करार केला माणसाने, आणि त्या करारात उपशाच्या खर्चाची रकम कोणाच्या नावे घालावयाची हेही माणसानेच ठरवावयाचे होते. ऊर्ध्व वैतरणेवर वीज निघते आणि खोडाळ्याच्या बाजूस पाणी चढविण्यास वीज परवडत नाही, या दोन वाक्यांच्या मध्ये एक साधा करार बसू शकतो. आमच्या मते या सर्व प्रकरणातील खरी उणीव ती आहे. पाणी देण्याघेण्यात उणीव नाही.

आता पुढचे. शहराची तहान वाढत आहे म्हणून वाडा तालुक्यात गारगाई नदीवर आणि जव्हार तालुक्यात पिंजाळ नदीवर नवी धरणे बांधण्याच्या मुंबई महानगरपालिकेच्या योजना आहेत. गारगाईतून दररोज ४४ कोटी आणि पिंजाळमधून ८६.५ कोटी लिटर, असा अंदाज सांगितला जातो. वाचकांनी येथे विदर्भाकडे क्षणभर दृष्टी वळवावी. कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक केंद्रे पूर्वी पेंच जलाशयाचे चांगले पाणी घेत. गेल्या दशकात नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडी येथे शुद्ध करून या केंद्रांस देण्याची व्यवस्था उभी राहिली. विजेच्या केंद्रास वाफ थंड करावयास पाणी हवे असते. ते स्नानाला योग्य असलेच पाहिजे असे नाही. शहराचे सांडपाणी सुटले, केंद्राची गरज भागली, आणि पेंचचे तेवढे पाणी पिण्यास व शेतीस मोकळे झाले. महाराष्ट्रातील देवघेवीचे याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी आढळले नाही.

मुंबईचे सांडपाणी आजवर मोठ्या अंशी खाडीत व समुद्रात जात आले. ते शुद्ध करणारी नवी मोठी केंद्रे शहरात बांधली जात आहेत. त्यांतील पाणी तेलशुद्धीच्या कारखान्यांस, गिरण्यांच्या जागी उठलेल्या मनोऱ्यांच्या वातानुकूलनास, रेल्वेचे डबे धुण्यास, बागांस व संडासांच्या टाक्यांस गेले, तर जितके जाईल तितक्याने पिंजाळची निकड कमी होईल. हाच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. खालच्या धंद्यांनी आपसांत नीट देवघेव केली तर वरच्या पठाराकडे हात पसरण्याची पाळी कमी येते. आमच्या मुंबईकर वाचकांच्या इमारतीत दुसऱ्या नळाचा प्रश्न निघतो तेव्हा ‘शुद्ध केलेले असले तरी ते पाणी आम्हांस नको’ असे म्हणणारे एखादे काका-मामा हटकून निघतात. सोवळे-ओवळे काटेकोर पाळणाऱ्या घरांतही आंगणात शिंपडावयाचे पाणी आणि देवाचे पाणी निराळ्या घंगाळ्यांतून येत असे, याची त्यांस आठवण द्यावी.

पठारावर काय होऊ शकते याचे नमुने डोळ्यांसमोर आहेत, आणि तेही पुष्कळसे दुसऱ्या धंद्याच्या उरलेल्यावरच उभे आहेत. सिमेंटची रिकामी पोती मातीने भरून ओहोळात आडवी रचली की पावसाळ्यानंतरचे वाहते पाणी काही आठवडे अडते. मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेच्या नावाने हे बंधारे महाराष्ट्रभर ओळखले जातात. इमारतीचे काम संपल्यावर जे पोते उकिरड्यावर जाते, ते खोडाळ्याच्या बाजूस हरभऱ्याच्या एका वाफ्याला पुरे पडते. मणिभाई देसाई यांच्या बाएफ संस्थेने १९८२ साली गुजरातेत वांसदा येथे वाडीची जी पद्धत बसविली, ती जव्हारकडेही आली: एकरभर उतरत्या जमिनीत कलमी आंबा आणि काजू, कडेने रानटी झाडे. काजूच्या टरफलातून निघणारे तेल रंगाच्या आणि गाड्यांच्या ब्रेकच्या कारखान्यांस लागते. टरफल जाळून टाकण्याऐवजी तेल काढून विकले, तर वाडीवाल्याच्या हाती आणखी काही येईल. अशा लहानसहान जोडण्यांस वाव पुष्कळ आहे. मात्र त्या करणाऱ्या मंडळींनी वीटभट्टीचा धडा ध्यानात ठेवून थापणाऱ्याचे खाते आरंभीच घालावे.

मोहाचीही कोंडी काहीशी सुटली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातील गौण उपजांवर गोळा करणाऱ्यांची मालकी मान्य झाली, आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करणे, साठविणे व नेणे यांवरील निर्बंध उठविले. १८९२ पासून मोजले तर सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. फुले वाळवावयास, साठवावयास व विकावयास आता हरकत नाही. बियांच्या तेलास गिऱ्हाईक आहे, पेंडीस आहे. अडचण एवढीच की मोह फुलतो फाल्गुन-चैत्रात, आणि त्या वेळी पुष्कळ घरांतील धडधाकट माणसे बयाणा फेडीत भिवंडी-वसईच्या भट्ट्यांवर असतात. होळीस ती चार दिवस येतात आणि परत जातात. पहाटे फुले वेचावयास मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आणि लहान पोरे असतात, आणि त्यांना वेचता येतील तेवढीच टोपलीत पडतात.